फणी काढल्यावर

इलेक्ट्रॉनिक सिटीतून होसूर रस्त्याने पुढे निघालं की चंदापूरला उजव्या हाताला आनेकलचा फाटा लागतो. फेज वनमध्ये राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मी त्या फाट्याकडे वळलोच नव्हतो. घर, ऑफिस, उड्डाणपूल, पुन्हा घर. मग एका रविवारी रेशमाचे माग बघायला म्हणून गेलो. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. पण मागाला तिथे ‘मग्ग’ म्हणतात हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ताणाबाणाला ‘हासुहोक्कु’ म्हणतात, एवढं मात्र विचारून घेतलं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. मागाच्या डोक्यावर जॅकार्डची पेटी, तिच्यात हिरवा दिवा, आणि साडीची सगळी नक्षी एका पेन ड्राइव्हमध्ये. घरातल्या आजोबांनी ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद काढून दाखवला. चौकटीचा कागद, त्यावर पेन्सिलीने चौकोन भरत भरत काढलेली एक कुयरी. लांबून बघितली तर गोलाईदार, जवळ गेलं की नुसत्या पायऱ्या.

जॅकार्डच्या भोकांच्या पुठ्ठ्यांपासून संगणकापर्यंतची वंशावळ सांगायचा मोह अशा वेळी कुणालाही होतो. आमच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत तर ती कुठल्याही भाषणात कानावर पडते. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्सने 1978 साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या 332 एकरांवर ही वसाहत वसवली, तेव्हापासून इथे सगळ्याच गोष्टींचा शेवट संगणकात करायची सवय आहे. मला मात्र तो कागद पाहून मुंबईतलं ऑपेरा हाऊस आठवलं. त्याच्या जवळ, मामा परमानंद मार्गावर, सरकारचं विणकर सेवा केंद्र आहे. तिथे एके काळी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेले चित्रकार महिन्याच्या पगारावर असेच चौकोन भरत बसत. त्यांतले काही पुढे भारतीय चित्रकलेतली मोठी नावं झाली. विणकरांना चित्रकारांची मदत व्हावी म्हणून ते केंद्र काढलं होतं. माझ्या मते मदत झाली ती बरीचशी उलट्या दिशेने.

गोष्ट सुरू होते ती वाराला तीन पै या हिशेबापासून. स्वातंत्र्यानंतर हातमागाची अवस्था बिकट होती. मुंबईत 1854 साली दावरांनी गिरणी काढली तेव्हापासून हातमागाच्या गळ्याला फास लागला होताच. 1904 साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग बसवला आणि दुसरा फास गावातूनच आला. 1952 साली अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून गिरणीच्या कापडावर वाराला तीन पै जादा उत्पादनशुल्क बसवलं आणि तो पैसा खादी-हातमागाकडे वळवला. म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्यांतून निघणारा प्रत्येक वार विणकराच्या नावाने थोडंसं देणं देऊन बाहेर पडत होता. गिरण्यांच्याच शहरात हातमागाचं केंद्र उभं राहिलं, त्यामागे हे पैसे होते.

पैसे होते, पण करायचं काय? इथे पुपुल जयकर येतात. 1915 साली इटाव्यात गुजराती घरात जन्म, बॅरिस्टर मनमोहन जयकरांशी लग्न होऊन मुंबईच्या झालेल्या. बाईंचा दरारा मोठा आणि ओळखी त्याहून मोठ्या. 1955 साली न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रं आणि अलंकारांचं प्रदर्शन भरलं. त्या निमित्ताने त्यांची गाठ चार्ल्स ईम्स या डिझायनरशी पडली. त्या ओळखीतून पुढे 1958 चा ‘इंडिया रिपोर्ट’ आणि 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था हे घडलं. ती कथा बरेच जण सांगतात. विणकर सेवा केंद्रं 1956 पासूनची, म्हणजे त्या संस्थेच्या पाच वर्षं आधीची. त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सरकारी खात्याची पाटी लागली की आपलं कुतूहल मावळतं, हे एक कारण असावं.

केंद्राचं काम साधं होतं. रंगशाळेत सूत रंगवायचं, मागावर नमुने विणायचे, छपाईच्या टेबलावर ठसे चालवायचे आणि हे नमुने विणकरांच्या सहकारी संस्थांना द्यायचे. नमुन्यांसाठी नवी डिझाइनं लागत, आणि ती काढायला जयकरबाईंनी चित्रकार नेमले. त्या काळी जे. जे.तून पदविका घेऊन निघालेल्या मुलापुढे वाटा किती? शाळेत ड्रॉइंग मास्तर, जाहिरात कंपनी, नाहीतर सिनेमाची पोस्टरं. त्यात ही चौथी वाट निघाली, आणि तिला सरकारी पगार होता. अकोल्याचे अंबादास या वाटेने गेले. पुढे 1963 च्या ‘ग्रुप 1890’ या कलावंतांच्या गटात ते होते आणि नंतर नॉर्वेत स्थायिक झाले. गौतम वाघेला होते. अहमदाबादहून जे. जे.त आलेले मनू पारेख 1963 साली इथे लागले. 1959 ते 1961 या काळात हातमाग मंडळाचे डिझाइनचे उपसंचालक म्हणून मुंबईत बसत होते ते के. जी. सुब्रमण्यन, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली तयार झालेले, बडोद्यातले शिक्षक. आणि 1961 साली नोकरीवर रुजू झाला नागावचा एक पंचविशीतला मुलगा, प्रभाकर बरवे.

चित्रकाराला मागावर पहिला धक्का बसतो तो चौकटीचा. समजा कापडात इंचाला साठ ताणे आहेत आणि तुम्ही सहा इंच रुंदीची कुयरी काढली. आता कागदावर 360 उभ्या रांगा आखा. प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न असतो: बाणा जाताना हा धागा वर की खाली? तुमच्या कुंचल्याने एका दमात मारलेलं वळण इथे पायऱ्यापायऱ्यांनी चढतं. पायरी कुठे मोठी, कुठे लहान ठेवायची, यावर डोळ्याला ते वळण वाटणार की करवतीचे दात, हे ठरतं. दुसरा धक्का रंगाचा. पॅलेटवर तांबडा आणि निळा घोटला की जांभळा होतो. मागावर ताणा तांबडा आणि बाणा निळा घेतला तर जांभळा होतो आणि होतही नाही. कापड हलवलं की एकदा तांबडं दिसतं, एकदा निळं. धूपछाव म्हणतात ती हीच. आणि तिसरा धक्का असा की चित्र खालून वर वाढत जातं, विणलेला भाग तुळईवर गुंडाळला जातो, आणि आपण काय केलंय ते सगळं एकदम बघायला मिळतं ते कापड मागावरून उतरल्यावर. खोडरबर नाही. वर रंग चढवून चूक झाकायची सोय नाही.

बरवे यांची पहिली काही वर्षं बनारसच्या केंद्रात गेली, 1965 पर्यंत. बनारसमध्ये तेव्हा नक्षाबंद होते. ही मंडळी कागदावरची नक्षी चौकोनांत उतरवून थांबत नसत, ती सुतातच बांधून ठेवत. धाग्यांच्या उभ्या-आडव्या जाळ्यात अख्खी बेलबुट्टी गाठींच्या रूपात साठवलेली असे आणि ते जाळं मागावर टांगलं की हव्या त्या जागी हवे ते ताणे उचलले जात. या कलेवर पुपुल जयकरांनी 1967 साली लिहिलेला लेख आजही वाचण्यासारखा आहे. त्यात अली हसन ऊर्फ कल्लू हाफिज या नक्षाबंदाचं नाव येतं. विणकामातल्या माणसाचं नाव छापून यावं असे प्रसंग थोडे, म्हणून ते मुद्दाम लिहून ठेवतो.

बनारसमध्ये बरव्यांना तंत्रकला भेटली असं त्यांच्यावर लिहिणारे नेहमी सांगतात. ते खरं आहे, साठीच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत यंत्रं, त्रिकोण, मंडलं दिसतात. पण पुढच्या चित्रांपुढे उभं राहिलं की मला मागच जास्त आठवतो. सत्तरीच्या दशकापासून एनॅमल रंगात केलेली ती शांत चित्रं बघा: एक पान, एक घड्याळ, एक फळ, प्रत्येक वस्तू आपापल्या जागी सुटी, आणि सगळ्यांमागे मोकळं सपाट अवकाश. आधी अवकाश ताणून घ्यायचं आणि मग त्यात आकार कुठे बसेल ते ठरवायचं, हा मागावर बसणाऱ्याचा क्रम आहे. आधी ताणा, मग नक्षी. हे माझं वाचन आहे, कुणाला पटेल कुणाला नाही. बरव्यांनी स्वतः मराठीत ‘कोरा कॅनव्हास’ लिहिलं, 1990 साली. चित्रकाराने मराठीत आपल्या कामाचा इतका बारकाईने विचार केल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. केंद्रातली नोकरी त्यांनी 1982 पर्यंत केली. त्याच वर्षी 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईच्या कापडाचा एक अध्यायच बंद पडत गेला. 6 डिसेंबर 1995 ला बरवे गेले. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं तेव्हा बातमी झाली ती उद्घाटनात अमोल पालेकरांचं भाषण मध्येच थांबवल्याची. चित्रं बाजूला राहिली.

आता फणीची गोष्ट.

मागावर ताण्याचे धागे एका फणीतून ओवलेले असतात. बारीक दात्यांची लांब चौकट, कंगव्यासारखी, म्हणून फणी. तिची कामं दोन. एक, प्रत्येक धाग्याला त्याच्या जागेवर धरून ठेवायचं. दुसरं, धोटा गेल्यावर बाण्याला ठोकून आधीच्या ओळीला चिकटवायचं. कापड सरळ, एकसारखं, चौकोनी निघतं ते फणीमुळे. विणकराला फणीविना माग म्हणजे रुळाविना गाडी.

मोनिका कोरिया यांनी ती फणी काढली. त्यांचा जन्म 1938 चा, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. नवरा वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. 1962 साली ते अमेरिकेत एमआयटीत शिकवायला गेले तेव्हा मोनिकाबाईंची ओळख मारिआना स्ट्रेंगेल या फिनिश-अमेरिकन विणकर बाईंशी झाली. मुंबईला परतल्यावर त्या शिकायला गेल्या त्या विणकर सेवा केंद्रात. तिथून सुरू झालेला प्रवास काही वर्षांनी अशा मागापर्यंत आला की ज्याची फणी विणता विणता मध्येच उचलून बाजूला ठेवता येते. फणी गेली की ताणे मोकळे होतात. हाताने बाणा दाबत जावं तसे ते हळूहळू सरकतात, कुठे दाटी करतात, कुठे फाकतात, वाकतात. उभे समांतर धागे नदीच्या पात्रासारखे वळायला लागतात. मग फणी परत बसवली की सगळे पुन्हा शिस्तीत. एकाच कापडात शिस्त आणि सैलपणा, दोन्ही. पायऱ्यापायऱ्यांचं ते वळण इथे धाग्यानेच घेतलं, कागदावर एकही चौकोन न भरता. न्यू यॉर्क आणि लंडनच्या मोठ्या संग्रहालयांनी त्यांची वस्त्रं विकत घेतली, पण फार उशिरा.

त्याच पिढीतल्या नेली सेठना याही स्ट्रेंगेल यांच्याच विद्यार्थिनी. मुंबईत त्यांनी भिंतीएवढी विणकामं केली आणि पुढे कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्याबरोबर मच्छलीपट्टणच्या कलमकारीसाठी काम केलं. 1992 साली त्या वारल्या. त्यांच्यावर अजून खूप लिहायला हवं, पण ते या लेखात मावणार नाही.

कापड भिंतीवरून उतरून जमिनीवर उभं राहिलं ते मात्र बडोद्यातून. सुब्रमण्यन मुंबईची नोकरी सोडून परत शिकवायला गेले तेव्हा सुतळी, गाठी, विणीचे प्रकार डोक्यात घेऊनच गेले. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ते दोऱ्या हाताळायला लावत. त्यांच्या हाताखाली मृणालिनी मुखर्जी शिकल्या. 1949 चा जन्म, तोही मुंबईचा. विनोदबिहारी मुखर्जी आणि लीला मुखर्जी या दोघा कलावंतांची ही मुलगी. तिने माग घेतलाच नाही. बाजारात मिळते तसली अंबाडीची जाडीभरडी दोरी, ती रंगवायची आणि गाठीवर गाठ मारत न्यायची. आत कुठे लोखंडी सांगाडा, बाहेर पदर, चुण्या, पाकळ्या, ओठ. माणसाहून उंच आकृत्या. नावं यक्षी, वनराजा अशी. समोर उभं राहिलं की देवळातल्या गाभाऱ्यासारखं वाटतं, आणि त्याच वेळी वाटतं की कुणीतरी भरजरी वस्त्र नेसून निघून गेलं आहे आणि नेसण मात्र तशीच उभी राहिली आहे. शिल्प म्हणायचं की विणकाम, यावर समीक्षकांनी वर्षानुवर्षं घोळ घातला. 2015 साली बाई गेल्या. 2019 साली न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन केलं तेव्हा घोळ मिटला, किंवा निदान इंग्रजीतून तरी मिटला.

अंगावर घालायच्या कपड्याला शिल्पाचा आकार देणारी बाई या सगळ्यांच्या आधी जे. जे.तूनच निघाली होती, सरकारी पगाराविना. भानुमती राजोपाध्ये, कोल्हापूरच्या, जन्म 1929. 1953 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. पण पोटापाण्यासाठी मासिकात फॅशनची चित्रं काढता काढता त्या कपड्यात शिरल्या आणि भानू अथैया झाल्या. ‘आम्रपाली’साठी त्या अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासून आल्या. पण मला त्यांचं खरं कसब दिसतं ते ‘ब्रह्मचारी’ (1968) मधल्या मुमताजच्या केशरी साडीत. साडी म्हणजे शिवण नसलेलं वस्त्र. त्यात नाचायचं तर ती सुटते. बाईंनी ती आधीच शिवून, निऱ्या अंगावर बसवून टाकली. नेसण म्हणजे हलणारी गोष्ट, तिला त्यांनी आकारात पकडलं आणि तरी ती हलत राहिली. 1983 साली ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं, जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून. पेपरांनी ‘पहिल्या भारतीय’ एवढंच छापलं, चित्रकार होत्या हे सहसा कुणी लिहिलं नाही.

आज पॅरिसच्या उच्च फॅशनच्या सप्ताहात राहुल मिश्रा (2020 पासून) आणि गौरव गुप्ता (2023 पासून) अंगाभोवती लाटेसारखे, शिंपल्यासारखे उभे राहणारे पोशाख दाखवतात. राहुल मिश्रा अहमदाबादच्या त्याच डिझाइन संस्थेत शिकलेले. जानेवारी 2022 मध्ये तर वर्तुळ पुरं झाल्यासारखं काही घडलं. पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या आवारात डिओरचा शो होता. मॉडेल चालत होत्या त्या दालनाच्या भिंती भरतकामाच्या भव्य पडद्यांनी झाकल्या होत्या. चित्रं माधवी आणि मनू पारेख यांची, आणि टाके मुंबईच्या चाणक्य या कार्यशाळेतल्या कारागिरांचे. त्यात चाणक्यच्या शाळेत शिकलेल्या बायाही होत्या. 1963 साली ऑपेरा हाऊसला सरकारी चौकटीच्या कागदावर चित्र काढणाऱ्या माणसाचं चित्र 2022 साली रोदँच्या शिल्पांच्या शेजारी सुतात उभं राहिलं. पुढच्या वर्षी, 30 मार्चला, डिओरचाच आणखी एक शो गेटवे ऑफ इंडियासमोर भरला.

हे सगळं सांगताना एक गोष्ट घशात अडकते. केंद्र काढलं होतं ते विणकरासाठी. त्याला नवं डिझाइन मिळालं की त्याचा माल खपेल, अशी अपेक्षा होती. काही प्रमाणात खपला, मुख्यतः शहरातल्या आणि परदेशातल्या जाणत्या गिऱ्हाइकाकडे. पण मालेगाव-इचलकरंजीच्या साध्या हातमागवाल्याला त्या नमुन्यांनी वाचवलं नाही. तो यंत्रमागावर गेला, किंवा मजुरीला. वाराला तीन पै पुरण्यासारखं ते दुखणंच नव्हतं. 2020 साली सरकारने हातमाग मंडळही विसर्जित केलं. विणकर सेवा केंद्रं मात्र देशात अजून चालू आहेत, ऑपेरा हाऊसचं आणि बेंगळुरूचंही.

आणि बरव्यांच्या, अंबादासांच्या डिझाइनचा पहिला नमुना ज्याने विणला, कुठली पायरी करवतीसारखी दिसते आणि कुठली वळणासारखी हे ज्याने त्यांना मागावर बसून दाखवलं असेल, तो कोण? चित्रकारांची चरित्रं आहेत, कॅटलॉग आहेत. कल्लू हाफिजचं नाव आहे, कारण जयकरबाईंनी ते लिहिलं.

आनेकलच्या त्या कागदावर मी खाली कोपऱ्यात सही शोधली. तिथे पेन्सिलीने आकडे होते, ताण्यांचे आणि रांगांचे, आणि एका बाजूला तेलाचा डाग. मी आजोबांना खुणेने विचारलं की हे तुम्ही काढलंय का. त्यांनी मान हलवली आणि हात जमिनीपासून कमरेएवढा वर धरला, म्हणजे ते एवढे असताना कुणीतरी. तेवढ्यात मागावरचा एक ताणा तुटला, माग थांबला, आजोबांनी डोळे बारीक करून तुटलेलं टोक शोधलं, बोटं थुंकीने ओली करून गाठ मारली आणि मागावरच्या मुलाला मानेने खूण केली.